जहाजाच्या पाकिटाचा कोपरा

निकालाचे दिवस आले की मला डिंकाचा वास येतो. जालन्यात या दिवसांत घरात डिंक असायचं काही कारण नाही. मे सरत आलेला असतो, कूलरच्या वाळ्याचा ओला वास खोलीभर असतो, मोंढ्याकडून आलेल्या वाऱ्यात सरकीच्या ढेपेचा वास असतो, आणि शाळेतल्या पोरी सारख्या फोन करतात, "बाई, निकाल उद्याच हाय का? पक्कं?" मी म्हणते, "पक्कं कुणालाच माहीत नसतं गं." फोन ठेवला की तो वास येतो. डिंक, शाईचा पॅड, वितळलेली लाख. आमच्या जुन्या घराच्या ओसरीचा वास.

मी टपालाची पाकिटं जमवते. सगळी नाही, एकाच जहाजाची. नौदलाचं एक लढाऊ जहाज. त्याच्या वाढदिवसाला निघालेलं पाकीट, कुठल्या परक्या बंदराला गेलं तेव्हाचं पाकीट, दुरुस्ती होऊन पुन्हा पाण्यात उतरलं तेव्हाचं. डावीकडे जहाजाचं चित्र, उजवीकडे तिकीट, तिकिटावर गोल शिक्का. जमवणारे याला कव्हर म्हणतात. शिक्का अर्धा तिकिटावर, अर्धा कागदावर बसलेला असावा, तारीख वाचता यावी, आणि कव्हर अख्खं असावं. कोपरा नुसता दुमडलेला असला तरी जाणता माणूस नाक मुरडतो. एकदा संभाजीनगरला प्रदर्शनात मी माझी पानं मांडली होती. एक गृहस्थ बराच वेळ वाकून बघत राहिले आणि म्हणाले, "मॅडम, तुम्ही जालन्याच्या. तुमच्याकडं प्यायला पाणी नाही, आणि समुद्राचं हे वेड कुठून?" मी हसून "आवड," म्हणाले. मग त्यांनी शेवटच्या पानावर बोट ठेवलं. तिथे कागदाचा एक तुकडा होता, तिकीट आणि शिक्का तेवढा कापून घेतलेला. "हे का ठेवलंय? कापलेल्याला काही अर्थ नसतो." मी म्हणाले, "चुकून राहिलंय."

चुकून राहिलेलं नव्हतं. बाकीची सगळी पानं त्या तुकड्यासाठी आहेत.

आमचं गाव भोकरदन तालुक्यातलं, धावड्याच्या अलीकडचं. नाव लिहीत नाही. माझे वडील, अण्णा, गावचे पोस्टमास्तर. पोस्ट म्हणजे आमची ओसरीच. एक टेबल, एक लोखंडी पेटी, तारखेचा शिक्का, भिंतीला टांगलेली थैली. भोकरदनहून यष्टीनं थैली यायची, अण्णा ती फोडायचे, आणि शेषरावमामा पत्रं वाटायला न्यायचे. शेषरावमामा उंच, सायकलवर बसले की गुडघे हँडलला लागायचे. नात्यानं ते आमचे कुणी नव्हते, बौद्धवाड्यातले होते. पण मामा म्हणायचं असं घरात ठरलेलं होतं. चहा मात्र ओट्यावर बसून घ्यायचे. तेव्हा मला त्यात काही दिसलं नव्हतं.

तिकिटांचा नाद मला पाचवीपासून. लोकांची पत्रं वाचून झाली की मी दारोदार फिरायचे. "काकू, पाकिटाचा कोपरा घेऊ?" "घे माय, आमाला काय करायचाय." शिक्क्यासकट कापून घ्यायचं, हे मला कुणीतरी सांगितलेलं. मी इतक्या पाकिटांचे कोपरे कापले होते की पाकीट दिसलं की माझी नजर आधी उजव्या कोपऱ्यावरच जायची.

एका घरचा कोपरा मात्र मला कधी मिळाला नाही. गयामायच्या. गयामायचा नवरा लवकर गेलेला, एकुलता मुलगा भगवान नौदलात. ज्या गावात पोहायला शिकायचं तर भरलेली विहीर शोधत हिंडावं लागतं, तिथला पोरगा जहाजावर, याचं गावाला फार कौतुक. त्याचं पत्र आलं की शेषरावमामा गल्लीच्या तोंडाशी लिंबाखाली सायकल थांबवून ओरडायचे, "गयामाय, समुद्र आला!" ती आतून ओरडायची, "येऊ दे! बादली रिकामीच हाये!" सगळी गल्ली हसायची. पत्र मी वाचून दाखवायचे. ती पाकीट हातात धरून ऐकायची आणि मग देवळीत देवामागं ठेवून द्यायची. मी एकदा कात्री घेऊनच गेले होते. "न्हाई गं बाई," ती म्हणाली, "ह्याला त्याचा हात लागलाय. तुला दुसरं काय पाह्यजे ते माग."

त्या दिवाळीला भगवानदादा सुट्टीवर आला होता. आमच्या ओसरीवर बसून त्यानं माझी तिकिटांची वही पाहिली. "उषे, हे समदं कापून टाकलंस? पागल. अख्खं ठेवायचं असतं. आमच्या जहाजाचं कव्हर निघालंय, चित्र हाय त्याच्यावर. पाठवतो तुला." मी विचारलं, "बराबर पाठवशील?" "बराबर." मी दिवाळी संपल्यापासून थैलीकडे डोळे लावून होते. थंडी गेली, परीक्षा झाली. कव्हर आलं नाही.

आणि मग उन्हाळ्यात कारगिलची लढाई सुरू झाली.

त्या उन्हाळ्याचं मला काय काय आठवतं. छतावर काळ्या लुगड्यावर वाळत घातलेल्या कुरडया, त्यांची राखण करताना टेकलेल्या भिंतीचा चटका. नांगरून टाकलेली रानं, कापसाच्या पळाट्यांचे पेटवलेले ढीग, दुपारभर हवेत तरंगणारी राख. दहावीचा निकाल लागायचा होता, त्यामुळे घरात मला कुणी काम सांगत नव्हतं आणि कुणी लाडही करत नव्हतं. संध्याकाळी ग्रामपंचायतीसमोर टीव्ही बाहेर काढून ठेवत. बर्फाचे डोंगर दिसत, तोफा दिसत, तिरंग्यातल्या पेट्या दिसत. गयामाय सगळ्यांच्या मागं उभी राही. लोक म्हणत, "लढाई डोंगरात हाय, तुझा पोरगा पाण्यात. तू कामून भ्यायली?" पण जहाजंही तयारीत समुद्रात गेल्याचं सांगत होते, आणि भगवानदादाची पत्रं यायची थांबली होती. ती रोज ओसरीवर यायची. काही विचारायची नाही. थैलीकडे बघायची आणि जायची.

मिरग तोंडावर आला होता. अण्णा त्या दिवशी भोकरदनला गेले होते, थैली मीच फोडली. तसं मी नेहमी करायचे. चार कार्डं, एक मनीऑर्डर, आणि ते कव्हर. जहाजाचं चित्र निळ्या शाईत. कोपऱ्यात तिकीट, त्यावर जहाजावरच्या टपालाचा गोल शिक्का. शिक्क्यात गावाचं नाव नव्हतं, लढाईत ते सांगत नसावेत. नुसता आकडा आणि तारीख. पत्ता गयामायचा.

मला राग आला, हे खरं आहे. माझं कव्हर तिला पाठवलं म्हणून. ती ते देवळीत ठेवील, उदबत्तीचा धूर बसेल, पुन्हा दिसणार नाही. अख्खं तर मला मिळणारच नव्हतं. मग निदान शिक्का. बाहेर सायकलची घंटी वाजली. मी आतलं पत्र झटकून एका बाजूला सारलं आणि टेबलावरच्या लाखेच्या कात्रीनं कोपरा कापला. घाईत तो तिरपा कापला गेला. बाकीचं पाकीट पालथं करून गठ्ठ्याच्या खाली ठेवलं. शेषरावमामा आले, गठ्ठा उचलला, "निकाल कव्हा गं?" म्हणाले, आणि गेले.

आमच्याकडे मयताचं पत्र धाडताना कोपरा फाडतात. असं पत्र कुणी उंबऱ्याच्या आत घेत नाही. दारातच वाचायचं, आणि वाचलं की तिथंच फाडून टाकायचं. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मला माहीत होतं. पोस्टमास्तरच्या मुलीला माहीत नसेल असं कसं होईल? पण कात्री हातात असताना मला कोपरा दिसलाच नाही, फक्त तिकीट दिसलं. यावर कुणी विश्वास ठेवावा असं मी म्हणत नाही.

पुढचं मी छतावरून ऐकलं, कुरडया उलट्या करताना. खरं तर जे ऐकू आलं नाही, तेच आधी आठवतं. शेषरावमामांनी हाक मारली नाही. लिंबाखाली सायकल थांबल्याचा आवाज आला, आणि मग काहीच नाही. लोकांनी नंतर सांगितलं. पत्र हातात घेतल्यावर मामा थिजले. ओट्यापर्यंत गेलेच नाहीत. शेजारच्या म्हाताऱ्याला खुणेनं बाहेर बोलावलं, की गयामायला एकटीला हे कळू नये. त्यांच्या त्या चांगुलपणानंच घात केला. ती दारातच उभी होती. समुद्र आला म्हणून ओरडणारा माणूस खाली मान घालून उभा आहे, आणि त्याच्या हातातल्या पाकिटाला कोपरा नाही, हे तिनं पाहिलं. ती धावत आली, पत्र हिसकावलं, कुणाला वाचू न देता फाडलं, आणि परत वळताना ओट्याच्या दगडी पायरीवरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. तिचा आवाज मात्र मी ऐकला. कुरडयांचं लुगडं माझ्या हातातून सुटलं.

संध्याकाळी अण्णा आले. त्यांनी गल्लीतून एकेक तुकडा वेचला, आमच्या ओसरीवर खळीनं जोडला आणि जाऊन गयामायच्या खाटेशी वाचला. "मी खुशाल आहे. आम्ही समुद्रात आहोत, जास्त लिहिता येत नाही. तू टीव्ही बघू नकोस." मी मागे उभी होते. अण्णा एका जागी थांबले, एक ओळ गाळली आणि पुढचं वाचलं. ती ओळ मी त्यांच्या खांद्यावरून वाचली. 'हे पाकीट उषाचं आहे, वाचून झालं की तिला अख्खं दे.'

अण्णांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं नाही. त्या दिवशी नाही, पुढे कधीच नाही. वही दाखव म्हणाले नाहीत. एकदा जरी म्हणाले असते तर मी बोलले असते, असं मी कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आले. आता तेही सांगत नाही.

गयामाय ऐकून घेऊन म्हणाली, "पत्र त्यानं आधी लिव्हलं. कोपरा मागून फाडलाय. लिव्हून झाल्यावर गेला त्यो."

शंभरदा पत्र वाचून दाखवलं असतं तरी उपयोग नव्हता, कारण पत्रात खुशाली होती आणि तिला मरण कोपऱ्यात दिसत होतं. लोक म्हणाले, गेला असता तर तार आली असती, सायेब आले असते. ती म्हणाली, "लढाईत कुणाला सवड हाये?" ती खाटेवर पडून राहिली, भिंतीकडे तोंड करून. तिचा तो समज मोडायला जगात एकच वाक्य पुरलं असतं. कोपरा मी कापला. एवढंच. ते माझ्याकडे होतं आणि मी ते दिलं नाही. रोज संध्याकाळी वाटायचं, उद्या. दुसऱ्या दिवशी वाटायचं, आता उशीर झाला.

मधेच निकाल लागला. मी केंद्रात पहिली आले. अण्णांनी पेढे आणले. आई म्हणाली, "गयामायला देऊन ये, आशीर्वाद घे." मी गेले. तिनं पेढा घेतला, खाल्ला नाही, मुठीत धरला. म्हणाली, "लई शिक बाई. भगवानला लई आनंद झाला असता." मी तिच्या पायाला हात लावला. पाय गरम होते, उन्हात तापलेल्या कौलासारखे. मी घरी येऊन अंघोळ केली.

मग लढाई संपली आणि भगवानदादा सुट्टी घेऊन आला. जिता. गयामायनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि पहिल्यांदा रडली. पण खुब्यानं तिला पुन्हा सरळ चालू दिलं नाही. तिला बघायला कुणी नव्हतं, म्हणून त्यानं काही काळानं नोकरी सोडली आणि गावात विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायचं दुकान टाकलं. मुलगा सुखरूप आल्यावर गाव मोकळं झालं विचारायला: मंग कोपरा फाडला कुणी?

बोलायला वेळ लागला नाही. "सायकलच्या क्यारेजला अटकला असंल." "पिऊन पडला असंल कुठं." शेषरावमामा पीत नसत. "अन् वरून तोंड पाडून हुबा राह्यला. मुद्दाम!" कुणी हळू आवाजात बौद्धवाड्याचं नाव घ्यायचं, आणि मग पुढे काही सिद्ध करायची गरज उरायची नाही. पुढचं वाक्य मी आज पहिल्यांदा लिहिते आहे. तो कोपरा आमच्या वाड्यातल्या कुणाच्या हातून गेला असता तर गावानं अजून चार प्रश्न विचारले असते. मामांना कुणी एकही विचारला नाही. लोक त्यांच्या हातून पत्र घेईनात. अण्णा एक दिवस ओट्याकडे न बघता म्हणाले, "शेषराव, काही दिवस राहू दे. लोकांचं डोकं शांत होऊ दे." मामा म्हणाले, "अण्णा, माझ्या हाती आलं तव्हाच ते तसं व्हतं." अण्णा म्हणाले, "मला माहीत आहे." दाराआड मी उभी होते. ते काही दिवस संपले नाहीत. मामा जालन्याला गेले, लोखंडाच्या कारखान्यात लागले.

पुढे मीही शिकून जालन्याला आले, मास्तरीण झाले. ते मला अधूनमधून दिसायचे. भाजी घेताना, कधी दवाखान्यासमोर. हातावर भट्टीचे डाग. मी रस्ता बदलायचे. आणि घरी येऊन त्या जहाजाची कव्हरं चाळत बसायचे. कुठून कुठून मागवलेली, स्वच्छ, अख्खी. किती जमवली तरी एक जागा भरत नव्हती. मी काय जमवत होते, कुणास ठाऊक.

गयामाय गेली. अण्णाही गेले. यंदा, ह्याच निकालाच्या दिवसांत, कळलं की ते जहाज सेवेतून काढलं. निरोपाचं कव्हर निघालं; मीही मागवलं होतं. पोस्टमननं ते फाटकात दिलं तेव्हा मी पहिल्यांदा कोपरा बघितला. शाबूत होता. जहाज संपलं. आता या मालिकेत नवं काही यायचं नाही, माझ्याजवळ तो तुकडा तेवढा उरला. दुसऱ्या दिवशी शाळेतून परस्पर शेषरावमामांचं घर विचारत गेले.

ते दारात खाटेवर बसले होते. डोळ्यावर हात धरून म्हणाले, "कोण?"

"मी उषा. पोस्टमास्तरची."

"अण्णाची उषाताई! अगं ये, ये! सूनबाई, पाणी आण जल्दी! अण्णा गेल्याचं कळल्तं मला. यायला जमलं न्हाई, ड्युटी व्हती."

त्यांचा आनंद बघवेना. मी पाणी यायच्या आधीच सांगून टाकलं, नाहीतर पुन्हा उद्यावर गेलं असतं. तुकडा खाटेवर ठेवला. त्यांनी तो उचलला नाही. बोटानं थोडा सरकवला, जसा एखादा किडा जिता आहे का बघतात.

"तू कापला?"

"हो."

"मंग तव्हा कामून न्हाई बोलली?"

"भ्याले, मामा."

"म्याबी भ्यालतो," ते म्हणाले. "पण मला कुणी इचारलंच न्हाई, का बाबा, भ्याला का म्हणून." सून पाणी ठेवून गेली. त्यांनी पेला माझ्याकडे सरकवला. "माझी बायको माहीत हाये ना तुला? मरोस्तोवर इचारायची. खरं सांगा, तुमच्या हातून तर न्हाई ना झालं? घरातली बाई! म्या म्हणायचो न्हाई. ती म्हणायची बरं. पण तिचं ते बरं म्हणणं..."

"मला माफ करा मामा."

"ते मंग बघू." त्यांचा आवाज चढला नव्हता. "तू मला कामून सांगून राह्यली? म्या न्हाई केलं, हे मला माहीतच हाये की. ज्याला माहीत न्हाई त्याला सांग. भगवानला सांग. गल्लीला सांग. चाल, म्या येतो संगं."

रविवारी आम्ही यष्टीनं गेलो. ते खिडकीशी बसले होते. भोकरदन सुटल्यावर म्हणाले, "तुमच्या त्या कव्हराला काय किंमत येती म्हणे?" मी म्हणाले, "कापलेल्याला काहीच नाही." ते हसले. छान हसले नाहीत.

गल्लीच्या तोंडाशी लिंब आहे अजून. ते तिथंच थांबले, पूर्वी सायकल थांबायची त्या जागी. ओट्यावर भगवानदादाचं दुकान, तांब्याच्या तारेची वेटोळी, उघडून ठेवलेल्या मोटारी. दुपारची वेळ, बाया ओट्याओट्यावर गहू निवडत बसलेल्या. त्यांचे हात थांबले. मी शेषरावमामांकडे बघितलं. मला वाटलं होतं, हाक ते मारतील.

"तूच मार," ते म्हणाले. "टपाल तुझं हाये."

मी हाक मारली. भगवानदादा बाहेर आला, केस पांढरे, हातात पकड. मला बघून हसला. मग त्याची नजर माझ्या मागे गेली आणि ते हसू गेलं. तो काही बोलायच्या आत मी पर्समधून तो तुकडा काढला आणि म्हणाले, "दादा, तुझ्या पाकिटाचा कोपरा मी कापला होता. मामांनी नाही."

माझा आवाज मलाच नीट ऐकू आला नाही. दादा तुकड्याकडे बघत उभा राहिला.

"मोठ्यानं बोल, उषाताई," लिंबाखालून शेषरावमामा म्हणाले. "पार तिकडच्या घरापोतर ऐकू गेलं पाह्यजे."

मी गल्लीकडे तोंड केलं आणि पुन्हा सांगितलं. मोठ्यानं.